लातूरची जागा

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा गावातल्या रंगाऱ्यांना वर्षभर फुरसत नव्हती. शाळेवर, दवाखान्यावर, दुकानांवर, जिथं म्हणून 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं तिथं ते पुसून 'जि. लातूर' करायचं काम चाललं होतं. मी तेव्हा नांदेडला एका बँकेत अधिकारी होते आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे. दर वेळी एखादं नवं सरकारी ऑफिस उघडलेलं असायचं. कधी भाड्याच्या घरात, कधी कुणाच्या माडीवर, एक तर बंद पडलेल्या तेलगिरणीच्या शेडमध्ये. पाऊस मात्र त्या वर्षांत आमच्या भागाकडं फिरकत नव्हता. जिल्हा नवा आणि विहिरी कोरड्या. कलेक्टर कचेरीसमोर जीपगाड्यांपेक्षा टँकरच जास्त दिसायचे.

माझे वडील, अप्पा, लातूरच्या आडत लाइनीत दुकान चालवायचे. शेतकऱ्याचा माल ठेवून घ्यायचा, सौदा जमवून द्यायचा, असा पिढीजात व्यवसाय. आयुष्यभर तुरीची आणि करडईची धूळ खाऊन त्यांच्या छातीला दमा लागला होता. मी एकुलती एक. घरात मुलगा नाही म्हणून नातेवाइकांनी हळहळ केली, तेव्हा अप्पांनी मला बी.कॉम.ला घातलं. बँकेची परीक्षा पास होऊन नांदेडला नेमणूक निघाली, तेव्हा तर सगळी गल्ली समजावायला आली. पोरीला परगावी एकटी ठेवता का म्हणून. अप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक स्वतः एसटीच्या टपावर चढवून दिली.

नांदेडला मला कर्ज विभागात बसवलं. तिथले साहेब पन्नाशीचे, हैदराबादेत उर्दूतून शिकलेले, फार कमी बोलणारे. पहिले काही महिने त्यांनी मला नुसत्या फायली वाचायला दिल्या. मग एके दिवशी सकाळीच म्हणाले, "बाई, डबा आणलाय ना? चला, भोकरला जाऊ."

भोकरला एका जिनिंगवाल्यानं कर्ज मागितलं होतं. मला वाटलं, मालकाच्या ऑफिसात बसून कागद बघायचे. साहेब ऑफिसाकडं गेलेच नाहीत. आधी गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले, तिथल्या मजुरांशी इकडचं तिकडचं बोलले, पगार कधी झाला हे बोलता बोलता काढून घेतलं. मग आत जाऊन कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मलाही घालायला लावला.

"काय लागतंय हाताला?"

"गार लागतंय. ओलसर."

"वर कसा आहे?"

"कोरडा."

"मग?"

मी विचार केला. "ओला कापूस खाली दडवलाय. वजन वाढवायला."

"किंवा घेतानाच फसलाय," साहेब म्हणाले. "दोन्हींत फरक आहे. कुठलं खरं, ते आता त्याच्याशी बोलून ठरवायचं. मालकाच्या खुर्चीसमोर पहिल्यांदा बसलो असतो तर हा प्रश्नच पडला नसता."

मालक फसलाच होता, असं शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं. परतीच्या गाडीत त्यांनी माझ्याकडून कर्जाची सगळी टिपणी तोंडी वदवून घेतली. या दुष्काळात भोकरच्या बाजूला कापूस किती येईल, तो या जिनिंगपर्यंत पोचेल का, इतर जिनिंग काय करतील. म्हणाले, "हा ताळेबंद मागच्या वर्षाचा आहे. आपल्याला कर्ज पुढच्या वर्षासाठी द्यायचंय." मी त्या रात्री जेवायचं विसरले. कॉलेजात शिकलेलं सगळं पहिल्यांदा जमिनीवर उतरल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर आम्ही अशा कितीतरी ठिकाणी गेलो. सरकीच्या तेलाची गिरणी, डाळमिल, बर्फाचा कारखाना. पुढं पुढं ते मला आधी बोलू द्यायचे. एक टिपणी मी एकटीनं लिहिली आणि त्यांनी एक शब्द न बदलता खाली सही केली, त्या दिवशी मी वजिराबाद भागातल्या माझ्या खोलीपर्यंत जवळजवळ पळत गेले.

अशात मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. लातूर नवा जिल्हा म्हणून बँक तिथं क्षेत्रीय कार्यालय उघडणार होती. जो अधिकारी जाईल त्याला वरची श्रेणी लगेच. एरवी त्या श्रेणीसाठी पाच-सहा वर्षं वाट बघावी लागायची, परीक्षा वेगळी, मुलाखत वेगळी.

माझ्यासोबत नोकरीला लागलेला एक सहकारी होता, नांदेडचाच. त्यानं त्याच दिवशी अर्ज भरला. मला म्हणाला, "तुम्ही तर लातूरच्याच. तुम्हाला घरी बसून प्रमोशन. विचार कसला करताय?"

"काम काय असणार तिथं?"

"काय असणार? रजा, हजेरी, भाड्याची बिलं, शाखांची पत्रकं गोळा करून वर पाठवायची. नवं ऑफिस आहे, फर्निचरपासून सुरुवात. पण पद तर मिळतंय ना! काम काय, मागून शिकता येतं."

मी साहेबांना विचारलं. त्यांनी हातातली फाईल मिटून काचेचा पेपरवेट तिच्यावर ठेवला. "मी जाऊ नका म्हणणार नाही," ते म्हणाले. "वडील तिथं आहेत तुमचे. पण विचारलंत म्हणून सांगतो. आणखी दोन वर्षं इथं राहिलात तर कुठल्याही गावात, कुठल्याही धंद्यासमोर उभं राहून तुम्ही स्वतःच्या जिम्मेदारीवर सांगू शकाल, याला द्या, याला देऊ नका. तिथं गेलात तर ते राहून जाईल. पुढं त्यासाठी फुरसत कुणी देत नाही."

मी शनिवारी दुपारची एसटी धरून लातूरला गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या वाटेनं शेतं उघडी पडलेली. चाकूरच्या स्टँडवर बायका हंडे घेऊन गाडीत चढल्या, पुढच्या फाट्यावर पाणी आलंय म्हणून.

अप्पा दुकानात गादीवर बसले होते. आडत लाइनीत एरवी त्या वेळी बैलगाड्यांना जागा नसायची. त्या दिवशी ओट्यावर दोन हमाल झोपलेले आणि माल ओतायच्या रिकाम्या फडावर चिमण्या. मला बघून अप्पा उठायला गेले आणि खोकल्यानं पुन्हा खाली बसले.

"लई येळ लागला गाडीला?"

"नाही अप्पा. मला तुमच्याशी बोलायचंय."

मी लातूरच्या जागेचं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. पण त्यांनी विचारलं, "आन् नांदेडात काय करतीस सध्या? तुझे साहेब काय शिकवून राहिले?"

मग मी भोकरचं सांगितलं. कापसाच्या ढिगात हात घातल्याचं, टपरीवरच्या मजुरांचं. मग तेलगिरणीचं, मग डाळमिलचं. डाळमिलचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, पण त्यांनी मधे तोंड घातलं नाही. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली. अप्पा गादीच्या टोकाला येऊन बसले होते आणि माझ्याकडं बघत होते.

माझं बोलणं थांबलं, तेव्हा ते म्हणाले, "मग हितं कशाला येतीस? लोकांच्या रजा लिवायला?"

"तुमची तब्येत..."

"मला काय झालंय? धूळ हाय, दुष्काळात माल न्हाई म्हून धूळबी कमीच. बरं हाय मला. तू काम शिक. पद काय, येतंय मागून."

"पण अप्पा, पाच-सहा वर्षं जातील. माझ्यासोबतचा पुढं जाईल."

"जाऊ दे की. तुला कुठं त्याच्याशी शर्यत लावायचीय?"

घरी अव्वानं, म्हणजे आईनं, शेंगांची पोळी केली होती. अप्पांनी तिला सांगितलं, पोरगी नांदेडलाच राहतीया. अव्वा काही बोलली नाही. मला ते तेव्हा खटकलं नाही. अव्वा तशीही कमीच बोलायची.

मी अर्ज भरला नाही. सहकारी लातूरला गेला.

त्याला तीन महिनेही झाले नसतील, साहेबांची बदली झाली. औरंगाबादला, आठवड्याच्या आत हजर व्हा म्हणून. जाताना ते माझ्या टेबलाजवळ आले, उभे राहिले, आणि म्हणाले, "बाई, मला कल्पना असती तर मी तुम्हाला थांबा म्हणालो नसतो." मी म्हणाले, तुम्हाला कशी असणार. ते मान हलवून गेले. नवे साहेब आले, त्यांना बाईमाणसानं गिरण्या-कारखान्यांत हिंडणं पसंत नव्हतं. त्यांनी मला पत्रकांचं काम दिलं. शाखांची आकडेवारी, हजेरी, रजा. लातूरला जे करावं लागलं असतं ते मी नांदेडला करू लागले, जुन्याच श्रेणीत.

मी लातूरसाठी अर्ज केला. उत्तर आलं, जागा भरल्या आहेत.

अप्पांना हे मी सांगितलं नाही. उन्हाळा चढला होता, त्यांचा दमा वाढला होता. दर वेळी घरी गेले की ते आणखी वाळलेले दिसायचे. सकाळी आंघोळीला पाणी पुरत नव्हतं, पण गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायला ते वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवायचे. मी विचारायची, "कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "बरं हाय." मग ते विचारायचे, "साहेब कुठं घेऊन गेले या महिन्यात?" आणि मी जुन्यातलंच एखादं, त्यांना न सांगितलेलं ठिकाण आठवून सांगायची. ते मन लावून ऐकायचे. शेवटी शेवटी ठिकाणं संपत आली, तेव्हा मी बर्फाच्या कारखान्याचं दोन वेळा सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखंच ऐकलं.

फोन आला तेव्हा मी हजेरीचं पत्रक जुळवत होते. दुपारची वेळ. शिपाई येऊन म्हणाला, लातूरचा ट्रंक कॉल आहे. शेजारचे आडते बोलत होते. आवाज नीट येत नव्हता, म्हणून ते तेच तेच ओरडून सांगत राहिले, आणि मी पहिल्याच वेळी समजले होते तरी "हाव, हाव" म्हणत राहिले.

दिवस मावळताना मी घरी पोचले. ओसरीवर लोक बसले होते. अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात हार. आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं करून नेत नाहीत, बसवून समाधी देतात. त्यामुळं पहिल्या नजरेला मला वाटलं, ते दुकानातल्यासारखे गादीवर बसलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नेलं. खड्डा खणताना माणसं म्हणत होती, किती खोल गेलो तरी ओल लागत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी, येणारी-जाणारी माणसं कमी झाली, तेव्हा मी पुढची खोली झाडायला घेतली. ती आमची एरवी बंदच असलेली अडगळीची खोली, रिकामी पोती आणि मोडके तराजू ठेवायची. उघडून बघते तर आत पांढरा चुना लावलेला, फरशी धुतलेली, खिडकीला नवी जाळी. एका भिंतीला सागवानी टेबल आणि खुर्ची.

"अव्वा, ही खोली कुणासाठी केली?"

अव्वा दारात येऊन उभी राहिली. "तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्या ब्यांकेचं हापीस होणार म्हून त्यांना लाइनीत आधीच कळलं व्हतं. तू यायच्या आधीच. म्हणले, पोरगी आता हितंच येती. हापिसाचे कागद घेऊन बसायला तिला जागा पायजे. सुताराला चार चकरा मारल्या टेबलापायी."

"मग मला येऊ नको का म्हणाले?"

"त्या दिशी रातच्याला तू निजलीस. मग म्हणले, ती कापसाचं सांगत व्हती तवा तिचं तोंड बघायला पायजे व्हतं तू. तिला हितं आनून बसवलं तर ते तोंड ऱ्हाणार न्हाई." अव्वानं टेबलावरची धूळ पदरानं पुसली. "मी म्हणलं, आवो, पण तुम्हाला बरं न्हाई. तर माझ्यावर खेकसले. तिला सांगशील तर बघ, म्हणले."

तिच्या बोलण्यात मला दोष देणं नव्हतं. झालं तसं ती सांगत होती. मी त्या खुर्चीत बसले. माझ्या चेहऱ्यावरचा जो आनंद बघून अप्पांनी मला परत पाठवलं, तो त्यानंतर फार तर तीन महिने टिकला होता.

दुकान बंद केलं. ती खोली कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाला भाड्यानं दिली, नव्या जिल्ह्यात भाडेकरूंची कमी नव्हती. अव्वाला मी नांदेडला घेऊन आले. तिथं तिची धाकटी बहीण होती, तिचं मन रमेल असं वाटलं. हळूहळू रमलंही. माझं लग्न जमलं नाही. कामाचं म्हणाल तर तिसरे साहेब आले, त्यांनी मला परत कर्ज विभागात घेतलं, आणि जे अर्धवट राहिलं होतं ते मी एकटीनं, चुकत-माकत, पण पहिल्या साहेबांनी दाखवलेल्या वाटेनं शिकले. आधी टपरी, मग गोदाम, मग मालक. औरंगाबादेतून ते निवृत्त झाले, तेव्हा मी पत्र पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं, सुवाच्य अक्षरात.

श्रेणी मला उशिरा मिळाली. तोवर सहकारी लातूरचा क्षेत्रीय व्यवस्थापक झाला होता. एकदा बैठकीला मी लातूरला गेले, तर त्यानं मला केबिनमध्ये थांबवून घेतलं आणि दार लावून एक फाईल पुढं सरकवली. लातूरजवळच्या मुरुडच्या डाळमिलचं प्रकरण होतं.

"मला यातलं नीट कळत नाही," तो म्हणाला. "सही करायचीय. खालच्यांना विचारलं तर हसतील. तुम्ही जरा बघता?"

मी बघितलं. तासभर आम्ही बोललो, दुपारी गाडी काढून मुरुडला जाऊन आलो. तो लहान मुलासारखा बारीकसारीक विचारत होता. मला त्याचा राग यावा असं त्यानं कधी काही केलं नव्हतं. परत येताना त्यानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि म्हणाला, "एक गोष्ट इतकी वर्षं सांगायची राहिली. मी लातूरला आलो तेव्हा तुमच्या वडिलांच्या दुकानावर अधूनमधून बसायचो. एकदा ते म्हणाले, पोरीचे साहेब तिला चांगलं शिकवून राहिलेत. माझ्या तोंडून निघून गेलं, की साहेबांची तर बदली झाली. मला वाटलं, त्यांना माहीत असणार."

"मग काय म्हणाले?"

"पाणी मागवलं, प्यायले. मग म्हणाले, तुम्ही मला हे सांगितलं, हे तिला कळू देऊ नका. ती मला सांगत न्हाई म्हणजे तिला मला तरास द्यायचा नसंल."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. ज्वारीचं पीक उभं होतं, त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. म्हणजे मी बर्फाच्या कारखान्याचं दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा अप्पांना सगळं ठाऊक होतं. गादीवर टेकून, धाप लपवत, त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

"तुमचं चुकलं नव्हतं, थांबलात ते," सहकारी म्हणाला. "मी बघतोय ना."

मुरुडच्या गोदामात त्या दिवशी तूर हातात घेताना मला जे कळत होतं, ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं मला मिळालं नसतं, हे खरं. आणि त्या वाटेत अप्पांसोबतचा एक अख्खा उन्हाळा गेला, हेही तितकंच खरं. या दोन्हींतलं एक झालं नसतं तर बरं, असं म्हणायला गेले की दुसरं आडवं येतं. मी पुष्कळदा म्हणून बघितलंय.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मला पुन्हा बढती मिळाली आणि नेमणूक लातूरला आली, कर्ज विभागाची प्रमुख म्हणून. मी ऑर्डर घेऊन घरी आले, अव्वाला सांगितलं. ती निवडायला घेतलेल्या मेथीकडंच बघत होती.

"चलतीस ना? तुझं गाव आहे."

"आता तिथं कोन हाय?" ती म्हणाली. "मी हितंच बरी हाय माझ्या बहिणीपाशी. तू जा. काम हाय तुझं."

मी गेले. लातूरला एक खोली घेतली, आडत लाइनीपासून लांब. दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला अव्वाकडं यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. अव्वा दारातच विचारायची, गाडीला वेळ लागला का. मग जेवताना विचारायची, या आठवड्यात कुठं गेलीस. मी सांगायची, निलंग्याला गेले, औशाला गेले, असा असा धंदा होता. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती ऐकायची, आणि माझं ताट रिकामं झालेलं दिसलं की न विचारता वाढायची.